मोटारसायकलच्या साखळीचे लॉक : काढण्याची व बसविण्याची योग्य रीत

सामुदायिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला, त्या काळी ग्रामस्तरावरील कार्यकर्ता सायकलवरून गावोगाव फिरत असे. आज सायकलची जागा मोटारसायकलने घेतली आहे. शेतकऱ्याच्या घरीही दुधाचे कॅन डेअरीवर नेणे, वैरणीचा भारा आणणे, बियाण्याची पिशवी शेतावर पोहोचविणे ही कामे मोटारसायकलच करते. या वाहनाची सर्व शक्ती एका साखळीतून मागील चाकास मिळते. साखळीची दोन टोके ज्या कडीने जोडलेली असतात त्या कडीस बाजारात 'चेन लॉक' किंवा नुसते 'लॉक' म्हणतात. हे लॉक नखाएवढ्या एका पोलादी क्लिपने जागच्या जागी राहते. ही क्लिप निसटली की लॉकची बाहेरची पट्टी सुटते व साखळी उघडते. घाट चढत असताना असे झाल्यास इंजिन नुसतेच फिरते व गाडी मागे घरंगळू लागते. घाट उतरत असताना झाल्यास इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो. सुटलेली साखळी पुढील दातेरी चक्राभोवती गुंडाळली गेली तर इंजिनाचे कवच फुटते, आणि मागील चाक एकाएकी अडकल्यास स्वार रस्त्यावर फेकला जातो.

ही क्लिप काढणे व बसविणे मुळीच अवघड नाही. पुढील माहिती नीट समजून घेतल्यास कोणासही हे काम दहा-पंधरा मिनिटांत करता येईल.

लॉकची रचना

मोटारसायकलची साखळी आतील व बाहेरील कड्या एकाआड एक गुंफून तयार केलेली असते. या प्रकारची रोलर असलेली साखळी हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली तयार केली. तिची मूळ रचना आजही तीच आहे. लॉक ही बाहेरच्या प्रकारचीच, परंतु उघडता येणारी कडी होय. तिचे तीन भाग असतात.

१. दोन पिना पक्क्या बसविलेली एक पट्टी. प्रत्येक पिनेच्या मोकळ्या टोकाजवळ भोवती एक बारीक खाच असते.

२. दोन भोके असलेली सुटी पट्टी. ही त्या पिनांवर बाहेरून बसते.

३. स्प्रिंगच्या पोलादाची क्लिप. ही दोन्ही पिनांच्या खाचांत शिरून सुटी पट्टी अडवून धरते.

क्लिपचा आकार माशासारखा दिसतो. तिचे एक टोक गोल व बंद असते. त्यास या लेखात 'डोके' म्हटले आहे. दुसऱ्या टोकास दोन पाकळ्या असून त्यांच्यामध्ये फट असते. त्यास 'शेपूट' म्हटले आहे. बसलेल्या स्थितीत एक पिन डोक्याच्या आतील बाजूस टेकलेली असते व दुसरी पिन शेपटीच्या पाकळ्यांत पकडलेली असते.

सर्वच साखळ्यांना असे लॉक नसते. काही मोटारसायकलींच्या, विशेषतः मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या, साखळीत जोडकडीच्या पिना ठोकून रिव्हेटसारख्या पसरविलेल्या असतात. अशी कडी उघडण्यास व ठोकण्यास स्वतंत्र हत्यार लागते. ते काम कारागिराकडेच सोपवावे.

क्लिपचे डोके कोणत्या दिशेस असावे?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. क्लिपचे डोके नेहमी साखळी ज्या दिशेस धावते त्या दिशेस असले पाहिजे. या नियमाचे कारण समजले म्हणजे तो पाठ करण्याची गरज राहत नाही.

क्लिप बसविताना आपण तिच्या डोक्यावर दाब देतो. त्यामुळे ती शेपटीच्या दिशेने सरकते, पाकळ्या पिनेवरून पसरतात व खाचेत बसतात. क्लिप काढताना आपण शेपटीवर दाब देतो. मग ती डोक्याच्या दिशेने सरकून पिनेवरून सुटते. थोडक्यात, डोके दाबले तर क्लिप बसते, शेपूट दाबली तर क्लिप सुटते.

आता साखळी धावत असताना काय घडते ते पाहावे. साखळीच्या वाटेत चिखलाचा गोळा, खडा, पळ्हाटीची काडी किंवा वाकलेल्या साखळी-कव्हराची कड आली तर तिचा आघात क्लिपच्या पुढे असलेल्या टोकावर होतो. पुढे डोके असेल तर तो आघात क्लिपला अधिक घट्ट बसवितो. पुढे शेपूट असेल तर तोच आघात, जे काम आपण पक्कड घेऊन करतो ते, म्हणजे क्लिप काढण्याचे काम, करून टाकतो. मासा डोके पुढे करून पोहतो. क्लिपनेही डोके पुढे करूनच धावले पाहिजे.

येथे 'पुढे' या शब्दाने पुष्कळांचा गोंधळ होतो. साखळीचा वरचा पदर मागील चाकाकडून इंजिनाकडे, म्हणजे पुढे धावतो. खालचा पदर इंजिनाकडून मागील चाकाकडे, म्हणजे मागे धावतो. म्हणून लॉक वरच्या पदरात असताना क्लिपचे डोके गाडीच्या हँडलकडे दिसले पाहिजे, आणि तेच लॉक खालच्या पदरात आले की डोके गाडीच्या मागील दिव्याकडे दिसले पाहिजे. खालच्या पदरात लॉक असताना डोके हँडलकडे करून क्लिप बसविली, तर ती उलटी बसली असे समजावे. शंका असेल तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागील चाक हाताने पुढच्या दिशेस फिरवावे व साखळी कोणीकडे सरकते ते प्रत्यक्ष पाहावे.

कामाची तयारी

पुढील साहित्य जवळ घ्यावे : लांब तोंडाची पक्कड, मागील चाकाच्या आसाच्या नटाला बसणारे पाने, ब्रश, थोडे रॉकेल, साखळीचे तेल, जाड कापड, बारीक तार व नवीन लॉक.

नवीन लॉक घेताना साखळीच्या मापाचेच घ्यावे. साखळीच्या पट्टीवर बहुधा तिचा क्रमांक कोरलेला असतो. लहान मोटारसायकलींत ४२८ क्रमांकाची साखळी पुष्कळ आढळते. तिच्या दोन लगतच्या पिनांतील अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. ४२० क्रमांकाच्या साखळीतही हे अंतर तेवढेच असते, परंतु तिची रुंदी कमी असते. म्हणून केवळ अंतर जुळले एवढ्यावरून लॉक निवडू नये. जाड पट्ट्यांच्या साखळीस तिच्याच जातीचे लॉक घ्यावे. शक्यतो ज्या कारखान्याची साखळी त्याच कारखान्याचे लॉक वापरावे.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावावी. इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी व गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून घ्यावी. साखळी पुसण्यासाठी इंजिन चालू ठेवून चाक फिरविण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती अत्यंत घातक आहे. साखळी व दातेरी चक्र यांच्यामध्ये सापडलेले बोट क्षणात तुटते. चाक नेहमी हातानेच फिरवावे, व फिरविताना दुसरा हात साखळीपासून दूर ठेवावा. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर किंवा ओढणी आवरून घेतल्याशिवाय कामास बसू नये. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून संरक्षक जाळी असण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मध्ये आहे. कामासाठी ही जाळी किंवा साखळीचे कव्हर काढावे लागल्यास काम संपताच ते पुन्हा बसवावे.

लॉक काढण्याची रीत

१. कव्हर काढून साखळी ब्रशने साफ करावी. चाक हळूहळू फिरवीत क्लिप शोधावी. ती साखळीच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे चाकापासून दूर असलेल्या बाजूस असते. जुन्या क्लिपचे डोके कोणीकडे आहे हे पाहून ठेवावे. मात्र मागील कारागिराने ती बरोबरच बसविली होती असे गृहीत धरू नये.

२. लॉक मागील दातेरी चक्रावर आणावे. साखळीची दोन्ही टोके दात्यांवर धरलेली राहत असल्याने ती एकाएकी सुटून पडत नाहीत.

३. मागील आसाच्या नटातील स्प्लिट पिन काढून नट सैल करावा व साखळी ताणण्याचे दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच सैल करून चाक थोडे पुढे ढकलावे. आता साखळीवरील ताण जाईल. ताण असलेल्या साखळीचे लॉक काढू नये; पिना अडकतात व जोर लावल्यास वाकतात.

४. पकडीचा एक जबडा क्लिपच्या शेपटीवर व दुसरा जबडा डोक्याकडील पिनेच्या वर आलेल्या टोकावर ठेवून हलकेच आवळावे. पाकळ्या दुसऱ्या पिनेवरून मागे सरकून क्लिप सैल होईल. या वेळी क्लिप उडण्याचा संभव असतो. म्हणून दुसऱ्या हाताने तिच्यावर कापड धरावे व तोंड बाजूस ठेवावे. चष्मा असल्यास लावावा.

५. सुटी पट्टी काढावी. ती घट्ट असल्यास दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडी थोडी उचलावी. नंतर पिनांची पट्टी चाकाच्या बाजूस ढकलून बाहेर घ्यावी.

क्लिपच्या पाकळ्या स्क्रू-ड्रायव्हरने फाकवून ती काढू नये. फाकलेली पाकळी पुन्हा पूर्वीसारखी पकड घेत नाही.

जुनी साखळी काढून नवी घालावयाची असेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. जुनी साखळी ओढून घेण्यापूर्वी तिच्या एका टोकास नव्या साखळीचे टोक जुन्या लॉकने जोडावे व जुनी साखळी हळूहळू ओढावी. नवी साखळी आपोआप पुढील चक्रावरून फिरून येते व इंजिनाजवळचे झाकण उघडावे लागत नाही. साखळी फक्त धुण्यासाठी काढावयाची असल्यास तिच्या टोकास बारीक दोरी बांधून ती दोरी त्याच वाटेने मागे ठेवावी.

साखळीची तपासणी

काढलेली साखळी रॉकेलमध्ये ब्रशने धुवावी. पेट्रोल वापरू नये. त्यापासून आगीचे भय असते व रबरी कड्या असलेल्या साखळीचे रबर बिघडते. साखळी कोरडी झाल्यावर ती सपाट फळीवर ताणून मोजावी. ४२८ क्रमांकाच्या नव्या साखळीत कोणत्याही एका पिनेपासून पुढची विसावी पिन मोजली असता मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर २५४ मिलिमीटर भरते. हे अंतर २५९ मिलिमीटर झाले असल्यास साखळी सुमारे दोन टक्के लांबली आहे असे समजून ती बदलावी. झिजलेल्या साखळीस नवे लॉक लावल्याने तिचे आयुष्य वाढत नाही. चक्राचे दाते अणकुचीदार किंवा एका बाजूस कललेले दिसल्यास दोन्ही चक्रे साखळीबरोबरच बदलावीत, कारण झिजलेले दाते नवी साखळीही लवकर खातात.

सैल झालेली साखळी आखूड करण्यासाठी तिच्यातील एखादी कडी काढून टाकण्याचा मोह टाळावा. आतील व बाहेरील कड्या एकाआड एक असल्यामुळे नेहमीचे लॉक सम संख्येच्या साखळीसच बसते. शिवाय इतकी लांबलेली साखळी निकामी झालेलीच असते.

लॉक बसविण्याची रीत

एकदा काढलेली क्लिप पुन्हा न वापरता नवीन लॉक बसविणे हा सर्वांत सुरक्षित नियम होय. जुन्या क्लिपचा ताण कमी झालेला असतो व तो डोळ्यांना दिसत नाही. वाकलेली, गंजलेली, घासून पातळ झालेली किंवा तडा गेलेली क्लिप तर कोणत्याही कारणास्तव वापरू नये.

१. साखळीची दोन्ही टोके मागील दातेरी चक्रावर शेजारच्या दात्यांवर बसवावीत. साखळीला पीळ पडला नाही ना, हे पाहावे.

२. लॉकच्या पिनांना तेल लावून त्या चाकाच्या बाजूने आत घालाव्यात, म्हणजे क्लिप बाहेरच्या बाजूस येईल व पुढे रोज नजरेखाली राहील. रबरी कड्यांची साखळी असल्यास चार कड्या मिळतात. त्यांपैकी दोन पिना घालण्यापूर्वी व दोन बाहेरची पट्टी बसविण्यापूर्वी पिनांवर घालाव्यात. त्यांना लॉकबरोबर मिळालेले ग्रीस लावावे.

३. बाहेरची पट्टी बसवून दोन्ही पिनांच्या खाचा पूर्ण मोकळ्या दिसेपर्यंत ती सारखी दाबावी. एका खाचेचा अर्धाच भाग दिसत असेल तर क्लिप तेथे वरवर बसते व लवकर निघते. पट्टी घट्ट असल्यास पकडीने किंवा लहान शिकंज्याने दोन्ही टोकांशी थोडी थोडी दाबावी. हातोडीने जोरात ठोकू नये.

४. साखळी कोणत्या दिशेस धावते ते पुन्हा एकदा चाक किंचित फिरवून पाहावे. क्लिपचे डोके त्या दिशेस करून क्लिप पिनांवर ठेवावी. डोक्याकडील पिन क्लिपच्या पोटात यावी व पाकळ्या दुसऱ्या पिनेशी टेकाव्यात.

५. पकडीचा एक जबडा क्लिपच्या डोक्यावर व दुसरा शेपटीकडील पिनेवर ठेवून आवळावे. पाकळ्या खाचेत बसताना 'टक्' असा आवाज येतो. केवळ आवाजावर विसंबू नये. डोक्याकडील खाचेत व शेपटीकडील खाचेत, अशा दोन्ही ठिकाणी क्लिप पूर्ण शिरली आहे आणि पट्टीशी सपाट टेकली आहे हे उजेडात पाहावे. बोटाने ढकलून ती हलत नाही याची खात्री करावी.

६. लॉक चक्रावरून पुढे आणून तेथे साखळी वाकवून पाहावी. ती शेजारच्या कड्यांइतकीच मोकळी वाकली पाहिजे. ताठ राहिल्यास पट्टी प्रमाणापेक्षा अधिक दाबली गेली आहे.

ताण व अंतिम तपासणी

आता दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे आवळून साखळीचा ताण ठरवावा. खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने साखळी वरखाली करून तिची एकूण हालचाल मोजावी. पुष्कळशा लहान मोटारसायकलींत ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे व साखळी जेथे सर्वांत घट्ट असेल तेथील माप धरावे. अतिशय घट्ट साखळी ओझ्याखाली ताणली जाऊन लॉकवर व बेअरिंगांवर जादा भार टाकते. अतिशय सैल साखळी फटके मारते व कव्हराला घासते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या म्हणजे चाक सरळ आहे असे समजावे. आसाचा नट पुरता आवळून नवी स्प्लिट पिन घालावी. चाक मागेपुढे सरकल्यामुळे दांडीच्या ब्रेकची चाल बदलते, म्हणून मागील ब्रेकही तपासून घ्यावा.

शेवटी चाक हाताने आठ-दहा फेरे फिरवावे आणि लॉक वरच्या व खालच्या अशा दोन्ही पदरांत डोळ्यांखालून जाऊ द्यावे. क्लिप कव्हरास कोठेही घासता कामा नये. मगच साखळीस तेल द्यावे. साध्या साखळीस एस.ए.ई. ९० प्रतीचे गिअर तेल चालते. इंजिनातून काढलेले काळे तेल वापरू नये. त्यातील धातूचा कीस साखळी झिजवितो. पहिल्या दिवसाच्या प्रवासानंतर क्लिप व ताण पुन्हा एकदा पाहावा.

वाटेत क्लिप हरवल्यास

क्लिपच्या जागी तार गुंडाळणे किंवा खिळा वाकवून घालणे हा उपाय नव्हे. तारेला स्प्रिंगचा ताण नसतो व ती चक्रावर घासून तुटते. अशी गाडी चालवू नये, ढकलत न्यावी. यासाठी एक नवीन लॉक तेलकट कागदात गुंडाळून गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत नेहमी ठेवावे. त्याची किंमत अल्प आहे, आणि आडवाटेवर त्याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

शेतीच्या अवजारांतील साखळी

हाच नियम शेतीयंत्रांनाही लागू आहे. ट्रॅक्टरने चालणाऱ्या अनेक पेरणी यंत्रांत जमिनीवरून फिरणाऱ्या चाकाची गती साखळीने बियाण्याच्या व खताच्या पेटीखालील यंत्रणेस दिली जाते. तेथील क्लिप उडून साखळी उतरली तर ट्रॅक्टर पुढे चालतच राहतो, परंतु नळ्यांतून बी पडणे थांबते. ही गोष्ट वेळीच लक्षात आली नाही तर उगवण होईपर्यंत कळत नाही, आणि तोवर वापसा निघून गेलेला असतो. मोटारसायकलची साखळी सुटली तर आवाज होतो. पेरणी यंत्राची साखळी मुकाट्याने सुटते. म्हणून पेरणीस आरंभ करण्यापूर्वी यंत्राचे चाक उचलून कामाच्या दिशेस हाताने फिरवावे, प्रत्येक साखळी कोणीकडे धावते ते पाहावे व प्रत्येक क्लिपचे डोके त्याच दिशेस असल्याची खात्री करावी. येथे यंत्राचे 'पुढे' व साखळीचे 'पुढे' एकच असेल असे नाही. सायकलच्या साध्या साखळीचे लॉकही याच पद्धतीने तपासावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय बैठकीत सांगण्यापेक्षा दाखविण्याचा आहे. पेरणीपूर्वी घेतल्या जाणाऱ्या अवजार-दुरुस्तीच्या कार्यक्रमात त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. जुन्या साखळीचा हातभर तुकडा व दोन-तीन लॉके घेऊन प्रत्येकास स्वतःच्या हाताने क्लिप काढावयास व बसवावयास लावावे. नंतर पुढील प्रश्न विचारावेत.

१. कशावर दाब दिला असता क्लिप सुटते?

२. साखळीचा खालचा पदर कोणीकडे धावतो?

३. लॉक खालच्या पदरात असताना क्लिपचे डोके कोणीकडे दिसले पाहिजे?

४. पेरणी यंत्राची क्लिप तपासण्यापूर्वी प्रथम काय करावे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कारणासह देता आले म्हणजे विषय समजला असे मानण्यास हरकत नाही. त्यानंतर जमलेल्या सर्वांनी बाहेर उभ्या असलेल्या आपापल्या मोटारसायकलीची क्लिप तेथेच तपासून पाहावी. एखादी उलटी बसलेली आढळल्यास ती त्याच ठिकाणी, नवीन क्लिप घेऊन, सुलटी करून द्यावी.